तुम्ही विचारलंत म्हणून: मांजराला घरातच ठेवणं हा जुलूम नाही का?

मांजर पाळलंय म्हटलं की हा प्रश्न येतोच, बाहेर सोडत नाही म्हणजे बिचारीवर अन्याय नाही का, तिची जातच शिकारीची. खरंय, शिकारीचीच आहे, म्हणूनच सोडत नाही.

आमची मनी पोटभर जेवते, ती कशाला पक्षी मारेल, असं बरेच जण म्हणतात. पण पोट भरलेलं असलं तरी समोर काही फडफडलं की मांजर दबा धरणारच. आणि "आमची कधी काही घरी आणत नाही" यावरही जाऊ नका, अमेरिकेत जॉर्जियामध्ये पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून बघितलं तेव्हा मारलेल्यातलं जेमतेम पाव हिस्सा घरी येत होतं, बाकीचं तिथेच खाल्लेलं नाहीतर टाकून दिलेलं. २०१३ चा एक अंदाज आहे, एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला निदान १३० कोटी पक्षी मारतात, त्यात बेवारस मांजरांचा वाटा मोठा आहे हे मान्य, पण माझ्या हातात माझ्या मांजरीचं दार आहे.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पिल्लांचं. घरट्यातून नुकती उतरलेली असतात, धड उडता येत नाही, काही दिवस झुडपाखाली नुसती बसून असतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. अशा पिल्लाला मांजरापुढे काय चान्स? बरं, तोंडातून सोडवलं तरी वाचलं असं नाही, मांजराच्या लाळेतल्या बॅक्टेरियामुळे पिसांखाली दिसतही नाही एवढी जखम पक्ष्याचा जीव घेते, त्यामुळे असा पक्षी सापडला तर वरून बरा दिसला तरी लगेच डॉक्टरकडे न्या.

घुंगरू बांधा म्हणतात, पण इंग्लंडमध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासात घुंगरांनी काही खास फरक दिसला नाही, उलट रोज ५-१० मिनिटं खेळवल्यावर बाहेर जाणाऱ्या मांजरांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे तिला खेळ हवा असतो, आणि तो घरात देता येतो. आमची खिडकीत बसून पक्षी बघते तेव्हा जबडा थरथरतो, बारीक कट-कट आवाज काढते, मग मी दोरीला बांधलेलं पीस सोफ्यामागून हळू सरकवते, थांबवते, परत सरकवते, शेवटी तिला ते पकडू देते आणि लगेच खायला देते, की अंग चाटून गाढ झोपते.

बाहेरची सवय लागलेली असेल तर एकदम बंद नका करू, आधी पहाटे आणि संध्याकाळी आत ठेवा. सुरुवातीला दाराशी ओरडेल, ओरडू दे, त्या वेळेला दार उघडलंत तर ओरडलं की दार उघडतं एवढंच शिकेल.