कळण्याची भाकरी आणि जेवणावरचा चहा

खानदेशातल्या गरोदर बाईचं ताट मुळात वाईट नाही. कळण्याची भाकरीच घ्या. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि जाडं मीठ घालून दळायचं. ज्वारीत लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी, उडदात चांगलं. एकत्र आले की प्रथिनं नीट अंगी लागतात. सोबत पोकळ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. हे घरोघरच्या सासवांना शिकवावं लागत नाही.

बिघडतं ते जेवल्याजेवल्या घेतलेल्या चहानं. धान्य आणि पालेभाजीतलं लोह आधीच कमी शोषलं जातं, त्यात चहातलं टॅनिन त्याला धरून ठेवतं. चहा सोडा म्हटलं तर कुणी ऐकत नाही. म्हणून जेवणाच्या आधी-नंतर तासभर थांबा, एवढंच सांगावं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, पण भाजीवर लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर. शिजताना पिळलं तर ते जीवनसत्त्व बरंचसं जातं.

दवाखान्यातली लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. मळमळतं म्हणून ती डब्यात पडून राहते. रात्री जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. शौचाला काळं होतं ते गोळीमुळे, घाबरू नये. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यासोबत नको, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. नाहीतर लोह वाया जातं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर नुसत्या आहारावर विसंबू नये, गोळ्या किती वाढवायच्या ते डॉक्टर सांगतील.

सगळ्यात घातक समजूत शेवटच्या तीन महिन्यांतली: ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, सिझर होईल.’ नेमकं तेव्हाच ताट आवरतं घेतलं जातं. खरं तर दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर घट्ट डाळ. पोट दाटतं, एका वेळी जात नाही. मग चारपाच वेळा थोडंथोडं खावं. फोडणीतली मिरची निम्मी करावी, छातीतली जळजळ कमी होते. (खानदेशी हाताला हे जड जाणार!) आणि केळीच्या मुलखात राहून केळं ‘थंड’ म्हणून टाळायचं कशाला? रक्तातली साखर वाढलेली असेल तरच आधी विचारून घ्यावं.

नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही महिने. ते तिथंच बसून जेवावं. डबा घरी नेला की त्यात सगळ्यांचे हात पडतात.