दाराआडचा आवाज

मुलांच्या मालिकांची कॅप्शन, म्हणजे पडद्यावर खाली येणारे लिहिलेले संवाद, तपासणं हे माझं काम. फाइल तयार होऊन येते. शुद्धलेखन, वेळ, ओळीची लांबी, बोलणाऱ्याचं नाव, चौकटी कंसात लिहिलेली आवाजांची वर्णनं, सगळं जागच्या जागी दिसलं की मी ती पास करतो. या तपासणीत बघणारं मूल कुठेच नसतं. त्यामुळे कर्णबधिर मुलांच्या एका शाळेने ‘तुमचा एक भाग आमच्या वर्गात लावून बघा’ असं कळवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सोबत आमच्या गटातली सांकेतिक भाषेची सादरकर्ती आली. ती स्वतः जन्मापासून कर्णबधिर आहे.

वर्ग सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा. मी पडद्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून बसलो. भाग मला तोंडपाठ होता, बघायची होती ती मुलं.

गोष्ट साधी. जंगलातला कंदील चोरीला जातो. ससा आणि खार माग काढत एका बंद दारापाशी येतात आणि आतून घोगरा, बदललेला आवाज येतो : ‘निघून जा इथून!’ आत कोण आहे हे शेवटी कळतं. निदान तसं ठरलेलं होतं. कारण खाली कॅप्शन आलं, ‘अस्वलकाका : निघून जा इथून!’ पुढच्या बाकावरचा मुलगा गर्रकन मागे वळला आणि त्याने वर्गाला खूण केली, अस्वल! झालं. रहस्य तिथेच संपलं. त्यानंतर ससा आणि खार डोकं खाजवत हिंडत राहिले आणि वर्ग त्यांच्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला. एका मुलीने बाईंना खुणेने विचारलं, ससा वेडा आहे का? त्याला एवढंही कसं कळत नाही?

फाइल नियमाला धरून होती. बोलणारा पडद्यावर दिसत नसेल तर त्याचं नाव द्यायचं, हा आमच्याकडचा नियम. पण ऐकणाऱ्या मुलाला त्या क्षणी नाव कळत नाही, फक्त आवाज कळतो. म्हणजे कर्णबधिर मुलाला आम्ही जास्तीची माहिती दिली आणि गोष्ट मात्र काढून घेतली.

दुसरी गोष्ट नजरेची. लहान मुलं खाली बघतच नव्हती. चित्र सोडून अक्षरांकडे जावं असं त्यांना वाटतच नव्हतं. मोठ्यांचं उलट. खिडकीजवळ बसलेली एक मुलगी ओठ हलवत प्रत्येक ओळ वाचत होती. दोन ओळींचं कॅप्शन, ती दुसऱ्या ओळीवर पोचली आणि वर पडद्यावर कंदील विझला. नंतर बाईंनी विचारलं, कंदील कधी गेला? तिने खांदे उडवले आणि सांगितलं, मी वाचत होते.

ऐकणाऱ्या मुलाला कान आणि डोळे एकाच वेळी वापरता येतात. इथे संवादही डोळ्यांनी आणि चित्रही डोळ्यांनीच. त्यात दहातली नऊहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात सांकेतिक भाषा कुणालाच येत नसेल, तर भाषा हाती लागायलाच उशीर होतो आणि वाचन त्याच्याही मागे पडतं. ब्रिटनमध्ये मिनिटाला १६० ते १८० शब्द हा कॅप्शनचा वेग रूढ आहे, पण तो सराईत वाचणाऱ्या मोठ्या माणसाचा. मोठे कर्णबधिर प्रेक्षक ‘एकही शब्द गाळू नका’ म्हणतात ते बरोबरच आहे. आमच्यासाठी काय गाळायचं हे तुम्ही कोण ठरवणार, हा त्यांचा सवाल मला पटतो. सात वर्षांच्या मुलाबाबत मात्र माझं मत त्या दिवशी बदललं. त्याला शब्दन् शब्द देणं म्हणजे चित्र हिसकावून घेणं.

मग तोच भाग सांकेतिक भाषेसह लावला. उजव्या कोपऱ्यात आमची सहकारी, पडद्याचा साधारण सहावा हिस्सा व्यापून. वर्ग एकदम जागा झाला. हसू योग्य जागी येऊ लागलं. पण चिखलातले पावलांचे ठसेही नेमके उजव्या कोपऱ्यातच होते. एक मुलगा उठला, टीव्हीला गाल टेकवून तिच्या मागे काय आहे ते वाकून बघायला लागला. वर्गात उभी असलेली सहकारी पोट धरून हसली आणि मला खुणेने म्हणाली, बाजूला हो म्हणतोय मला!

मधल्या सुट्टीत तिने मला नीट समजावलं. कंदील विझतो तेव्हा मी हात खाली घेते आणि स्वतःही चित्राकडे बघते. माझी नजर जिथे जाते तिथे मुलांची जाते. तू तिथेही वाक्य ठेवतोस. आणि ते ‘गूढ संगीत’ कशाला लिहिता? ज्याने ते कधी ऐकलंच नाही त्याने त्यावरून काय समजायचं? पावलं जवळ येतायत, असं लिहा.

संगीतावरून आठवलं. दोघातिघांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं उपकरण होतं, बऱ्याच जणांच्या कानात श्रवणयंत्र होतं. शीर्षकगीत सुरू झाल्यावर त्यातल्या एकाने इम्प्लांटचा कानामागचा भाग, प्रोसेसर, सरळ काढून खिशात टाकला. बाई म्हणाल्या, “सर, संवादाखाली ढोल वाजत राहिला की त्याला दोन्हीतलं काहीच कळत नाही. नुसता गोंगाट होतो.” संवाद वर आणि संगीत खाली असं वेगळं मिश्रण करून देणं अवघड नाही, ध्वनीच्या पट्ट्या स्टुडिओत सुट्ट्याच असतात. आजवर मागितलं कुणी नव्हतं.

परत आल्यावर निर्मात्यांबरोबर बैठक झाली. ‘अस्वलकाका’च्या जागी ‘दाराआडून आवाज’ आलं. तेवढ्याने भागलं नाही, कारण आमच्याकडे प्रत्येक पात्राच्या अक्षरांचा रंग ठरलेला, अस्वलाचा केशरी. नाव झाकलं तरी रंगाने चहाडी केलीच असती. तिथे पांढरा घातला.

लेखकांना मी बीबीसीच्या ‘व्हिजन ऑन’चं उदाहरण दिलं. १९६४ ते १९७६ चाललेला हा कार्यक्रम कर्णबधिर मुलांसाठी होता. बोलणं जेमतेम, बाकी सगळं चित्रात. ऐकणारी मुलंही तो आवडीने बघायची. तयार भागावर मागाहून कॅप्शन चिकटवण्यापेक्षा पटकथेतच चित्राला श्वास घ्यायला जागा ठेवा, इतकंच माझं मागणं होतं. निर्माते म्हणाले, भागाची लांबी ठरलेली आहे, विनोद कमी करावे लागतील. लेखकाने तीन विनोद तिथल्या तिथे काढून दाखवले. खरं सांगायचं तर तिन्ही टुकार होते.

शीर्षकगीताचं मात्र घोडं अडलंय. सहकारीचं म्हणणं, हातांची लय ढोलाच्या ठोक्यावर बसत नाही, दृश्यं तिच्या लयीवर कापा. संकलक म्हणतो, गाणं मंजूर झालंय, आता हात लागणार नाही. पुढच्या आठवड्यात दोघांना समोरासमोर बसवतोय, संगीतकारालाही बोलावलंय.