मधूनच

डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न असतो, "सतत दुखतं की मधूनच?" सतत म्हणणाऱ्याला एक्स-रे, रक्त-लघवी, काहीतरी लिहून मिळतं. मधूनच म्हणणाऱ्याला मिळतं, "बघू आठवडाभर." माझ्या सायकलला यंदाचा अख्खा पावसाळा हेच मिळालं.

सायकल बॅटरीची. जाड टायर, पुढे शॉक-अब्सॉर्बर, असा माउंटन अवतार. माझ्या गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा घेतली. २५० वॉटची मोटर, ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मदत नाही, त्यामुळे लायसन्स-पासिंगची कटकट नाही. रविवारी पहाटे पुण्यात कोंढव्याहून निघायचं, बोपदेव घाट चढायचा, वर चहा, परत. पन्नाशीला टेकलेल्या बाईला एवढी चैन पुरे.

पण घाटात, नेमकं चढावर, एखाद्या खड्ड्यातून चाक गेलं की डिस्प्ले मालवायचा. मोटर गप्प. २५ किलोचं धूड एकदम माझ्या मांड्यांवर. उतरून, धापा टाकत बटण दाबलं की पुन्हा सुरू, जसं काही घडलंच नाही. पूर्ण बंद पडली असती तर टेम्पोत घालून आणली असती. ही रुसून दहा पावलांवर परत हसणारी, हिचं काय करायचं?

खालच्या मजल्यावरच्या आजोबांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट असेल." हे निदान आपल्याकडे मिक्सरला, दारावरच्या बेलला, गणपतीच्या माळेला, सगळ्याला चालतं. म्हणून मी ते सोडून दिलं.

मेकॅनिकने सायकल स्टँडवर चढवली, पायडल फिरवलं. मागचं चाक भन्नाट फिरलं. मीटर लावला, ४१ व्होल्ट. "मॅडम, काही नाहीये हिला." ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ दाखवते, म्हणजे खरंच काही नव्हतं. मला उगाच खोटं दुखणं घेऊन आल्यासारखं झालं.

मग मी स्वतः मागे लागले. पहिला संशय ब्रेकवर. ब्रेकच्या मुठीत एक बारीक स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर तोडायला. मूठ पुरती मागे आली नाही, की सायकलला वाटतं बाई थांबतायत. दोन्ही मुठींतल्या स्विचच्या वायरी सोडवून आठवडाभर चालवली. तोच प्रकार. मागच्या चाकाच्या स्पोकवर वेग मोजायला चिमुकलं चुंबक असतं, ते सरकवून पाहिलं. हाती काही नाही, नखं मात्र काळी. एका रविवारी लेक म्हणाला, "आई, स्क्रीन जाते, की स्क्रीन चालू राहून नुसती मोटर जाते?"

स्क्रीनच जाते! मग ब्रेक नाही, चुंबकही नाही. ती दोघं मोटरला गप्प करतात, दिवा मालवत नाहीत. सगळंच अंधारतं तेव्हा वीजच पोचत नसते. एवढा साधा विचार करायला मला तीन आठवडे आणि एक इंजिनिअरिंगला जाऊ न शकलेला मुलगा लागला.

बॅटरी किल्लीने सोडवून काढली. ती ज्या पाळण्यात बसते, त्यातल्या पितळी पट्ट्यांपैकी एकीवर, तांदळाएवढ्या जागेत, काळा डाग. विस्तव लागल्यासारखा. कडेला हिरवट थर. आजी असती तर म्हणाली असती, कळकलंय. कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं की व्हायचं, तेच. आता बॅटरी परत बसवून हलवून पाहिली, तर खुंटीवरच्या पिशवीसारखी डुलली. तिचा पाळणा फ्रेमवर दोनच स्क्रूंनी बसतो, खरं तर पाण्याच्या बाटलीच्या स्टँडचे स्क्रू ते. दोन्ही अर्धा आटा ढिले. मी बॅटरीला कडेने एक चापट मारली. डिस्प्ले गेला. इतका आनंद मला सायकल घेतानाही झाला नव्हता.

म्हणजे खड्ड्यात बॅटरी उडायची, पट्टी क्षणभर सुटायची, ठिणगी पडायची, ठिणगीने डाग. डागाने अडथळा वाढायचा. स्टँडवर मोकळं चाक फिरवायला वीज लागतेच किती, तिथे डागाची खोड दिसायचीच नाही. घाटात १० अँपिअर ओढले की अर्ध्या ओहमच्या अडथळ्यावरच ५ व्होल्ट गळतात. त्यात बॅटरी निम्मी उतरलेली असली की मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर म्हणणार, बाई, आता झोपतो.

बॅटरी बाजूला ठेवून पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासल्या, स्पिरिटने पुसल्या. स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे ढिले न होऊ देणारा गोंद, लावून आवळलं. पाळण्याच्या तळाशी जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातली, बॅटरी आता हुंकारही देत नाही. परवा बोपदेव चढले. पाच खड्डे मुद्दाम घेतले. डिस्प्ले जागा.

घरी येताना जिन्यात आजोबा भेटले. मी अगदी रंगवून सांगितलं, पट्टी, डाग, ठिणगी, व्होल्टचा हिशोब. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"मग मी काय म्हटलं होतं?"