दंडगोलामागचे भोवरे: प्रवाहरेषांकडून स्ट्रीकलाइनकडे

दंडगोलावरून जाणाऱ्या प्रवाहाचे माझे द्विमितीय सिम्युलेशन आता स्थिरावले असून, गणितापेक्षा चित्रणाचेच प्रश्न अधिक वेळ घेत आहेत. पद्धत लॅटिस बोल्ट्झमनची, म्हणजे जाळीवर कणांच्या वितरणांची हालचाल मोजून प्रवाह काढण्याची आहे: 800×320 चौकटींची जाळी, 40 चौकटींचा व्यास, प्रवेशवेग 0.1 आणि शिथिलन काल (यावरून द्रवाचा चिकटपणा ठरतो) 0.62, म्हणजेच रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाच्या जडत्वाचे चिकटपणाशी प्रमाण) 100. ही संख्या साधारण 47 च्या खाली असते तेव्हा दंडगोलामागे दोन सममित भोवरे जागीच राहतात. त्यापुढे ते आळीपाळीने सुटू लागतात आणि दोन ओळींत मागे वाहत जाणाऱ्या भोवऱ्यांची रांग, म्हणजे कार्मानची भोवरामाला, तयार होते. मांडणी अगदी सममित असेल तर ही अस्थिरता प्रकट व्हायला फार वेळ लागतो, म्हणून दंडगोल मध्यरेषेपासून एक चौकट बाजूला ठेवला आहे. मोकळ्या प्रवाहात स्ट्रौहाल संख्या (भोवरे सुटण्याच्या वारंवारतेचे एककरहित माप) 0.16 ते 0.17 असते, बाजूच्या भिंती जवळ असल्यामुळे माझी किंचित जास्त येते.

सिम्युलेशनने साठवलेल्या व्हीटीके स्वरूपातल्या फाइली पॅराव्ह्यू या चित्रण-सॉफ्टवेअरमध्ये उघडून प्रथम प्रवाहरेषा काढल्या. त्या देखण्या दिसतात, पण प्रवाह कालानुसार बदलत असेल तर प्रवाहरेषा केवळ त्या क्षणाच्या वेगाची दिशा सांगते. कोणताही कण त्या वाटेने गेलेला नसतो. शिवाय स्थिर निरीक्षकाला दूरवरचे भोवरे या रेषांमध्ये नुसत्या नागमोडी वळणांसारखे दिसतात, कारण मुख्य प्रवाहाचा वेग त्यांना झाकून टाकतो.

व्हॉर्टिसिटीचे, म्हणजे द्रव जागोजागी किती आणि कोणत्या दिशेने फिरतो याचे, चित्र यापेक्षा पुष्कळ प्रामाणिक वाटले. तिला धन-ऋण चिन्ह असल्यामुळे इंद्रधनुषी रंगपट्टी येथे निरुपयोगी ठरते: तिच्यातला पिवळा पट्टा प्रत्यक्षात नसलेल्या सीमा दाखवतो. त्याऐवजी केनेथ मोरलँड यांनी 2009 मध्ये मांडलेली निळ्याकडून लालकडे जाणारी पट्टी घेतली आणि शून्य बरोबर मध्यभागी राहील अशी ±0.01 ची मर्यादा हाताने घातली. दंडगोलाच्या पृष्ठभागालगतची मूल्ये फार मोठी असतात. मर्यादा आपोआप ठरू दिली तर मागची सगळी माला फिकट पडते.

प्रयोगशाळेत रंगद्रव्य सोडून जे दिसते ती मात्र स्ट्रीकलाइन, आणि तिच्यासाठी दंडगोलाच्या वर-खाली ठरावीक बिंदूंतून सतत कण सोडावे लागतात. हे काम साठवलेल्या फाइलींवर न करता सिम्युलेशनच्या आतच केले, कारण दर 200 पायऱ्यांनी जतन केलेल्या वेगांमधून कणांची वाट काढताना अंदाजाचा भाग फार वाढतो. वरच्या आणि खालच्या कणांना वेगळे रंग दिल्यावर कोणता भोवरा कोणत्या बाजूच्या द्रवातून बनला हे लगेच कळते.

यानंतर रेनॉल्ड्स संख्या 150 पर्यंत नेऊन व्हॉर्टिसिटी आणि स्ट्रीकलाइन ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहणार आहे.