तुम्ही विचारलंत म्हणून: झोन तर दिसला, मग नाव कळायला इतका वेळ का?

मातीतला बॅक्टेरिया प्लेटवर बुरशीला अडवताना स्पष्ट दिसतो, मग तो नेमकं काय सोडतो हे सांगायला महिने, कधी वर्षं का लागतात? हा प्रश्न मला शेतीतले लोक विचारतात, आणि नव्याने लॅबमध्ये आलेले विद्यार्थीही.

पहिली गोष्ट, झोन, म्हणजे प्लेटवर बॅक्टेरियाभोवती बुरशी न वाढलेली मोकळी जागा, हे काही संयुग नव्हे. बॅक्टेरियाने बुरशीची पेशीभित्तिका विरघळवणारं एन्झाइम सोडलं असेल, माध्यमाचा पीएच बदलला असेल, किंवा सिडेरोफोर सोडून सगळं लोह स्वतःकडे ओढून घेतलं असेल. म्हणून पेशी गाळून काढलेला द्रव उकळून पाहायचा. एन्झाइम असेल तर बहुधा परिणाम जातो. माध्यमात लोह घालून पाहायचं. झोन नाहीसा झाला तर संशय सिडेरोफोरवर. या चाचण्या साध्या आहेत, पण त्या टाळून पुढे गेलेलं काम मी फार पाहिलंय, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

यातून तरलेला अर्क टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या, सिलिका प्लेटवर चालवतो. त्यातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात, पण मारणारा कोणता? त्यासाठी त्याच प्लेटवर पोषक माध्यमात मिसळलेले क्लॅडोस्पोरियम या बुरशीचे बीजाणू फवारतो आणि प्लेट दमट डब्यात ठेवतो. दोन-तीन दिवसांत प्लेटभर काळपट हिरवी बुरशी चढते, आणि एका जागी तेवढा पांढरा ठिपका मोकळा राहतो. आरोपी तिथे असतो. बायोऑटोग्राफी म्हणतात याला, आणि सगळ्या पद्धतींत ही माझी सर्वांत आवडती.

पण खरा वेळ जातो तो यानंतर, हे आधीच कुणाला सापडलंय का ते तपासण्यात. बहुतेक वेळा सापडलेलंच असतं. यूव्ही वर्णपटात, म्हणजे संयुग कोणता अतिनील प्रकाश शोषतं त्याच्या आलेखात, ३६३, ३८२ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपास तीन टोकदार शिखरं दिसली की अँफोटेरिसिन या बुरशीनाशक औषधासारखं हेप्टीन पॉलीन (ओळीने सात दुहेरी बंध असलेलं संयुग) असणार, हे लगेच लक्षात येतं. बॅसिलस या जिवाणूच्या अर्कात मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, १४-१४ एककांच्या फरकाने शिखरांची रांग लागली, की इट्युरिन, फेन्जायसिन, सर्फॅक्टिन या लिपोपेप्टाइडांकडे (मेदाम्ल जोडलेल्या छोट्या प्रथिनसाखळ्यांकडे) बोट जातं. मेदाम्लाच्या साखळीत एकेक सीएच-टू वाढत जातो, त्याचाच तो फरक.

ही तपासणी का महत्त्वाची, याचं जुनं उदाहरण आहे: १९५०मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या शास्त्रज्ञांनी निस्टॅटिन हे बुरशीनाशक औषध जाहीर केलं. हेझन न्यूयॉर्क शहरात जिवाणू वाढवून चाचण्या घ्यायच्या, ब्राउन ऑल्बनीत शुद्धीकरण करायच्या आणि नमुने टपालाने ये-जा करायचे. त्यांचा स्ट्रेप्टोमायसिस नूर्सी हा मातीतला जिवाणू बुरशीला मारणारी दोन द्रव्यं बनवत होता. त्यातलं एक निघालं सायक्लोहेक्झिमाइड, म्हणजे आधीच माहीत असलेलं आणि विषारी. दुसरं निस्टॅटिन. ही दोन वेगळी ओळखली नसती तर निस्टॅटिनही विषारी म्हणून बाजूला पडलं असतं.

शुद्धीकरण करताना परिणामच गायब होणं, हे तर नेहमीचं. पॉलीन उजेडात आणि हवेत खराब होतात. कधी दोन संयुगं मिळून काम करत असतात. इट्युरिनला सर्फॅक्टिनची साथ असते, वेगळं केलं की दोन्ही फिकी पडतात. आता जीनोम वाचून, कोणता जनुक-समूह काय बनवू शकेल याचा अंदाज आधीच बांधता येतो आणि त्याने वेळ खूप वाचतो. पण जनुक आहे म्हणजे प्लेटवर ते संयुग बनतंयच असं नाही, म्हणून रसायनशास्त्राला सुटका नाही.

आणि खरोखर नवं काही हाती लागलं, तर एनएमआरसाठी, म्हणजे रेणूची रचना उलगडणाऱ्या चाचणीसाठी, काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ लागतो. तेवढा मिळवायला बॅक्टेरियाचं कित्येक लिटर संवर्धन वाढवावं लागतं. शिवाय बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या बरीच जवळची, म्हणून ते संयुग तांबड्या रक्तपेशी फोडतं का हेही लवकरच पाहावं लागतं. त्यामुळे प्लेटचा फोटो दाखवून कुणी ‘नवं संयुग’ म्हणालं, की मी आधी त्याचं वस्तुमान आणि यूव्ही वर्णपट मागते.