चिठ्ठीवर गुडघा, दुखत होती नडगी

पळताना नडगीच्या आतल्या बाजूला एकाच जागी दुखत असेल, तर एक्स-रे 'नॉर्मल' आला म्हणून निर्धास्त होऊ नका. स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते.

हे मला एका डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबून सांगितलं. मी कळवळलो, ते म्हणाले, "एमआरआय करून या." हे डॉक्टर बाहेरगावचे, जळगावात आठवड्यातून एकदाच येणारे. आधीच्या ठिकाणी मलम, गोळ्या आणि "पळायची गरजच काय?" एवढंच मिळालं होतं.

खरी रखडपट्टी पुढे. एमआरआय सेंटरवर नंबर लागला, घड्याळ-पाकीट काढून ठेवलं, आणि टेक्निशियन चिठ्ठी बघून म्हणाला, "गुडघा ना?" म्हटलं, नाही हो, नडगी. "इथं तर 'नी' (knee) लिहिलंय." डॉक्टरांच्या असिस्टंटनं घाईत लिहिलेलं. मी पॅन्ट वर करून जागा दाखवली. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला, पण चिठ्ठीशिवाय हात लावेना. डॉक्टरांना फोन लावा म्हटलं, तर "ते ओपीडीत असतात". काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सुचवलं, "गुडघ्याचाच करून घ्या ना, जवळच तर आहे." पैसे तेवढेच म्हणे!

नवी चिठ्ठी पुढच्या आठवड्यात, मग परत नंबर, मग रिपोर्टवर सही करणारे रेडिओलॉजिस्ट सुट्टीवर. तोवर मेहरूण तलावावर ओळखीचा प्रत्येक जण विचारणार, "काय भो, सोडलं का पळणं?" मी कडेकडेनं चालतोय आणि ज्यांना मी कायम मागे टाकायचो ते शेजारून सुसाट जाताहेत. तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणून केबिनमधून बाहेर पडण्याआधी चिठ्ठी वाचा. अक्षर लागत नसेल तर विचारा, लाजू नका.

रिपोर्टमध्ये चीर निघालीच. विश्रांती, सायकल, पोटऱ्यांचे व्यायाम हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चालताना अजिबात दुखेनासं झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, आणि मध्ये एक दिवस सुट्टी. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचा नाही. चुकून दुखलंच तर मागच्या पायरीवर यायचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला टेकतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला बाहेर पडायचो. एक मिनिट पळायला एवढ्या पहाटे उठतोस, म्हणून घरचे हसायचे. पण सलग अर्धा तास पळालो त्या दिवशी घरी भरीत-भाकरीचा बेत मीच ठरवला.

हां, राहिलंच: व्हिटॅमिन डी तपासून घ्या. इतक्या उन्हात राहून माझं कमी निघालं. आणि नडगीच्या पुढच्या बाजूला, हाडाच्या धारेवर दुखत असेल तर डॉक्टरांकडे जायला अजिबात उशीर करू नका, तिथली चीर भरायला जास्त त्रास देते.

यंदा हिवाळ्यात हाफ मॅरेथॉनच पळणार आहे. ४२.१९५ किलोमीटरच्या फुल मॅरेथॉनचा फॉर्म पुढच्या वर्षी भरेन.