तुम्ही विचारलंत म्हणून: ‘क्रेझी’च का?

माझ्या गाडीत बसलेलं माणूस घाट लागेपर्यंत गप्प राहतं. मग विचारतंच, "आपल्याकडे विरहाची गाणी कमी पडली म्हणून हे लावता होय?"

कमी नाही पडली. पण अमेरिकन गायिका पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ हे गाणं ऐकताना मला विरहापेक्षा कबुलीच जास्त ऐकू येते. तो सोडून जाणार हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तरी ती त्याला बोल लावत नाही, स्वतःलाच वेडी म्हणते. पहिल्याच शब्दावर सूर वरून खाली घरंगळतो आणि पुढचं सगळं कळून चुकतं.

गाणं लिहिलं विली नेल्सनने. तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्याची गायची तऱ्हा वेगळी: ठेका पुढे निघून जातो, हा मागून सावकाश येतो. पॅट्सीला ते मुळीच रुचलं नव्हतं. निर्माता ओवेन ब्रॅडलीचं म्हणणं पडलं, तू तुझ्या पद्धतीने म्हण. तिने तेच केलं. नेल्सनची रेंगाळण्याची खोड मात्र पुरती गेली नाही, थोडी उरलीच. समेवर यायला जरा उशीर करणारा गवय्या कसा जीव टांगणीला लावतो, तसलाच प्रकार.

आणि हो, बरगड्यांची गोष्ट. जून १९६१मध्ये तिच्या गाडीला भीषण अपघात झाला, बरगड्यांनाही मार बसला. ऑगस्टमध्ये ती कुबड्या घेऊन अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या स्टुडिओत आली. त्या काळी तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची रीत होती. तिला या एकाच गाण्याच्या वरच्या जागा झेपेनात, बरगड्या दुखत होत्या. वाद्यं ध्वनिमुद्रित करून ठेवली, आवाज राहिला. काही आठवड्यांनी परत येऊन तिने तो एका दमात दिला. लोक म्हणतात, वेदनेतूनच असं गाणं येतं. मला नाही पटत. दुखत होतं तेव्हा जमलं नव्हतं. थोडं बरं वाटू दिलं, मग जमलं.

हे गाणं कंट्री प्रकारातलं, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीताचं. पण कंट्री म्हणजे बँजो नि काउबॉयची टोपी, एवढंच डोक्यात असेल तर इथे फसाल. फ्लॉइड क्रेमरचा पियानो, मागे जॉर्डनेअर्स या साथगायकांच्या चमूचे मऊ आवाज. त्यामुळेच हे गाणं लोकप्रियतेच्या कंट्री यादीत दुसरं आणि पॉप यादीत नववं आलं. मार्च १९६३मध्ये विमान अपघातात ती गेली, अवघी तिशीची होती.

नेल्सन पुढे आयुष्यभर हे गाणं मैफलींत गात आला, त्याच्या त्या उशिराच्या चालीने. तेही माझ्याकडे आहे. पण घाटात मी तिचंच लावतो.